दोनची चावी

बत्तीमास्तरांना कुणी विचारलं, आयुष्यात काय केलंत, तर ते म्हणायचे, "रात्री दोन वाजता उठलो." एकोणतीस वर्षं एकाच दीपगृहावर काढलेला माणूस. वादळं पाहिली असतील, जहाजं पाहिली असतील, सांगायला काय कमी होतं? पण नाही. दोन वाजता उठलो, आणि गजराशिवाय उठलो. ऐकणाऱ्याने कौतुक केलं तर ठीक. नाही केलं तर मास्तर तीच गोष्ट पुन्हा सांगायचे, जरा सावकाश आणि मोठ्याने, समोरचा बहिरा असल्यासारखी.

आता ही दोनची भानगड काय, ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. दीपगृहात दिवा फिरत नाही, फिरतं ते त्याच्याभोवतीचं भिंग. पुरुषभर उंचीचं, जाड काचेच्या पट्ट्यांचं. हल्ली त्याला मोटर असते. मास्तरांच्या काळात मनोऱ्याच्या पोटात साखळीला एक अवजड लोखंडी वजन टांगलेलं असायचं. ते हळूहळू खाली उतरायचं आणि त्याच्या ओढीने वरचं भिंग फिरत राहायचं. साडेतीन तासांत वजन तळाला टेकायचं. टेकायच्या आत कुणीतरी वर जायचं, हँडल मारायचं आणि वजन पुन्हा चढवायचं. याला म्हणायचे चावी देणं. नव्वद वेढे, एकही कमी नाही. चावी चुकली की भिंग थांबलं. मग दर दहा सेकंदांनी जो झोत समुद्रावर फिरायचा तो एका जागी उभा, आणि होडीतला माणूस बुचकळ्यात, की हे दीपगृह आहे की कुणाच्या घरातला दिवा.

सातची आणि साडेदहाची चावी मदतनिसाची. दोनची मास्तरांची. नऊला जेवून आडवं व्हायचं, दोनला उठायचं, एकशे बेचाळीस पायऱ्या चढायच्या आणि उजाडेपर्यंत वर बसायचं. खात्याने त्यांना गजराचं एक घड्याळ दिलं होतं. ते खोक्यातून कधी बाहेर आलं नाही. निवृत्तीच्या दिवशी मास्तरांनी ते वरच्या कागदासकट परत केलं, आणि समारंभाला आलेले साहेब भाषणात म्हणाले, "आपल्या खात्यात चावी न देता चालणारं एकच यंत्र होतं, ते आज घरी चाललंय." या वाक्यावर मास्तर पुढची पंधरा वर्षं जगले म्हटलं तरी चालेल.

हे अंगवळणी कसं पडलं, तेही ते सांगायचे. नोकरीचं दुसरं वर्ष, लग्नाला जेमतेम सहा महिने. क्वार्टर मनोऱ्याच्या पायथ्याशी. झोपायच्या खोलीला एक खिडकी, आणि खिडकीसमोर तेलाच्या कोठाराची पांढरी भिंत. भिंगातून निसटलेला उजेडाचा एक पट्टा दर दहा सेकंदांनी त्या भिंतीवरून सरकत जायचा. एका रात्री मास्तरांना झोपेतच वाटलं, काहीतरी बिनसलंय. डोळे उघडले तर पट्टा भिंतीवर खिळून उभा. दोन वाजून दहा मिनिटं. मास्तर अनवाणी वर धावले. नशिबाने समुद्रावर कुणी नव्हतं. "त्या दिवशी शरीराने जो धडा घेतला, तो घेतला," मास्तर म्हणायचे. "त्यानंतर एक रात्र चुकली असेल तर शपथ."

त्या रात्री खिडकीला पडदा असता तर? हा विचार त्यांच्या मनात आला आणि बायकोची फजिती झाली. तिने बिचारीने नुकतेच चौकटीत दोन खिळे ठोकले होते, जुनी चादर फाडून तिचा पडदा शिवायला घेतला होता. डोळ्यावर सारखा उजेड यायचा तिच्या. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी बजावलं, या खिडकीला पडदा लागणार नाही, मला भिंत दिसली पाहिजे. ती फणकारली. दोन दिवस घरात अबोला होता. मग तिनेच तो सोडला, कारण पायथ्याशी बोलायला दुसरं होतं कोण? खिळे मात्र तिने उपटले नाहीत. राहू देत, कधीतरी अक्कल येईल, असं म्हणाली.

तोंडाची फटकळ बाई होती. दीपगृहाच्या भिंगाला दिवसा पडदे लावावे लागतात, नाहीतर सूर्याचं ऊन भिंगातून एकवटून आग लागायची भीती. खात्याकडून कापड यायचं आणि शिवायचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडायचं. दर दोन वर्षांनी आठ लांब पडदे. शिवता शिवता तिचं सुरू व्हायचं, "दिव्याला आठ पडदे, आणि मला एक नाही. पुढल्या जन्मी दिवाच होईन म्हणते." मास्तर हसायचे. त्यांना वाटायचं गंमत चाललीय.

बायकोचा विषय निघाला की ते आणखी एक सांगायचे. "आमच्या हिला झोपेत कोपर मारायची खोड. नेमकं इथे, डाव्या बरगडीत. सासऱ्यांनी लग्न ठरवताना सगळं सांगितलं, हे तेवढं लपवलं." ती बाजूलाच बसून सुपारीएवढं तोंड करायची. निवृत्तीनंतर गावात घर घेतलं, तिथे ही खोड आपोआप गेली. मास्तरांनी त्याचं कारणही शोधलं होतं. खारा वारा. खाऱ्या वाऱ्याने हाडं आखडतात आणि माणूस झोपेत हातपाय झाडतो. डॉक्टरला विचारलं नव्हतं, पण डॉक्टरला काय कळतंय?

गावातल्या घरी आल्याबरोबर तिने पहिलं काम काय केलं असेल, तर जाड, काळपट निळ्या कापडाचे पडदे शिवले. दुपदरी. खोलीत दिवसा दिवा लावावा लागायचा. आणि मग ती झोपली. रात्री नऊला जी आडवी व्हायची ती सकाळी सातला उठायची, कधी आठला. मास्तरांना त्या अंधारात झोप धड लागायची नाही, ते पहाटेच उठून चहा करायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "बत्तीवाल्याची बायको, पण झोप कुंभकर्णाची. मी एकोणतीस वर्षं जागलो, त्याचा शिणवटा हिला आला." लोक हसायचे. तीही हसायची. "आहेच मी झोपाळू," म्हणायची आणि पुढचा कप भरायची.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर मास्तरांची झोपच उडाली. म्हणजे थोडी कमी झाली असं नाही, पार उडाली. डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या त्यांनी मुकाट्याने फुलांच्या कुंडीत टाकल्या. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. दोन वाजता उठून अंधाऱ्या घरात येरझाऱ्या. शहरात दवाखान्यात नर्स असलेली त्यांची लेक फोनवर विचारायची, "बाबा, झोप लागते का?" तर म्हणायचे, "लागते की." आणि तिला आवाजावरून कळायचं. ती चाळिशीची झाली होती आणि आजाऱ्यांचे असले आवाज ऐकण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

त्यांच्या पंच्याहत्तरीला तिने काय करावं? शाल नाही, घड्याळ नाही. तिने जुन्या दीपगृहावर एका रात्रीचं बुकिंग केलं. क्वार्टरचं आता अतिथिगृह झालं होतं. बाहेरची माणसं येऊन राहायची, मनोऱ्यावर चढायची, फोटो काढायची. ज्या घरात मास्तरांनी एकोणतीस वर्षं काढली तिथे ते पाहुणे म्हणून एक रात्र राहणार होते. "माझ्याच घरात राहायला मी बुकिंग करू?" असं त्यांनी चारदा तरी म्हटलं. पण पिशवी दोन दिवस आधीच भरून दाराशी ठेवली होती.

अतिथिगृहाची मॅनेजर एक उत्साही बाई होती. दारातच म्हणाली, "काका, तुमच्याबद्दल सगळं वाचलंय मी." आणि जेवणाच्या खोलीत नेऊन तिने भिंतीवरची पाटी दाखवली. साहेबांचं ते भाषण कुठल्याशा जुन्या कागदांत सापडलं होतं, त्यावरून ती बनवली होती. एकोणतीस वर्षं गजराशिवाय बरोबर दोनला उठणारे मास्तर. मास्तरांनी चष्मा पुसला, पाटी दोनदा वाचली. लेक त्यांच्याकडे बघत होती. त्यांची मान जराशी ताठ झाली होती. पंधरा वर्षांत इतकी ताठ झाली नव्हती.

"आणि काका, आज योग जुळून आलाय," मॅनेजरबाई म्हणाल्या. महिन्यातून एक रात्र मोटर बंद ठेवून भिंग जुन्या वजनावर चालवायचे, पाहुण्यांना बघायला मिळावं म्हणून. ती रात्र आजचीच होती. सातची आणि साडेदहाची चावी त्या स्वतः देणार होत्या. "दोनची तुम्ही द्याल? सहा पाहुणे आहेत, सगळे थांबायला तयार आहेत. मी पावणेदोनला तुमचं दार वाजवीन."

"दार?" मास्तर म्हणाले. "दार वाजवायचं काम नाही. दोनला मी वर असेन."

"नाही, म्हणजे दमला असाल प्रवासाने..."

"बाई, तुमच्या पाटीवर काय लिहिलंय ते एकदा वाचून या."

बाई हसल्या. "बरं, नाही वाजवत. आणि नाही जमलं तर काळजी करू नका. बटण दाबलं की मोटर सुरू होते."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. मास्तरांच्या कारकिर्दीत बटण नव्हतं आणि आज त्यांच्या डोळ्यांदेखत कुणी ते दाबणार असेल तर एकोणतीस वर्षं पाण्यात. जिन्याकडे जाताना ते लेकीला म्हणाले, "तूही मला उठवायचं नाहीस. ऐकलंस? मी हल्ली तसाही दोनला जागाच असतो."

मग खोली. तीच, झोपायची. लेकीच्या लहानपणच्या खाटेच्या जागी आता दुसरा पलंग होता, मास्तरांचा पलंग मात्र होता तिथेच, खिडकीशेजारी. भिंतींना फिकट रंग, बाथरूममध्ये गरम पाणी, टेबलावर पाण्याची बाटली आणि वायफायचा पासवर्ड. मास्तरांनी सगळीकडून हात फिरवला. दाराच्या चौकटीवर लेकीची उंची मोजून केलेल्या खुणा रंगाखाली गेल्या होत्या. नळ बदलला होता. जमिनीची फरशी तीच, कोपऱ्यातली एक अजून तशीच हलणारी. त्यांनी पायाने दाबून पाहिली आणि बरं वाटलं त्यांना.

आणि खिडकीला पडदा होता. साधासुधा नाही, जमिनीपर्यंत उतरलेला, जाडजूड, आतून काळं अस्तर लावलेला. हल्लीच्या पाहुण्यांना म्हणे सकाळी उशिरापर्यंत अंधार लागतो.

"हा काढायचा," मास्तर म्हणाले.

"बाबा, बाजूला सारूया ना नुसता."

"बाजूला सारलेला पडदा वाऱ्याने पुन्हा येतो मध्ये. काढायचा."

मास्तर स्टुलावर चढले, लेकीने त्यांना धरलं, आणि त्यांनी एकेक आकडा सोडवत पडदा उतरवला. अकरा आकडे होते. उतरवताना चौकटीला त्यांचा हात लागला आणि थबकला. रंगाच्या थराखाली दोन उंचवटे होते, खिळ्यांच्या डोक्याएवढे. कुणीच उपटले नव्हते, वरून नुसता रंग मारत गेले होते. त्यांनी लेकीला सांगितलं नाही. खाली उतरून पडद्याची घडी घालून ती खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, "तुझी आई भारी हट्टी होती."

संध्याकाळ झाली आणि दिवा लागला. मास्तर अंगणात उभे राहिले. आत आता विजेचा दिवा होता, पण भिंग तेच होतं, आणि वजनावर फिरताना त्याचा तोच बारीक कर्रर्र आवाज येत होता, कान दिला तरच ऐकू येणारा. पाहुण्यांपैकी कुणी काही विचारलं तर ते उत्तर द्यायचे, पण लक्ष दुसरीकडे होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी बायको उभी राहायची, हात पुसत. पोरीला हाका मारायची. समुद्राकडे तोंड करून भांडी घासायची आणि म्हणायची, एवढं पाणी समोर आणि नळाला करंगळीएवढी धार. सगळं इथेच तर झालं. लेक इथे चालायला शिकली. मदतनिसाला कांजिण्या झाल्या तेव्हा त्याला याच अंगणात वेगळं ठेवलं होतं, आणि ही त्याला लांबून ताट सरकवायची, तेही काठीने. मास्तरांना एकट्यालाच हसू आलं.

साडेआठला जेवण. पाहुण्यांपुढे त्यांनी दोन वाजून दहा मिनिटांची गोष्ट सांगितली. कोपराचीही सांगितली. सगळे खूप हसले. लेक पाणी प्यायली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

नऊला ते पलंगावर आडवे झाले. लेक पलीकडच्या पलंगावर. दिवा मालवला आणि समोर भिंत आली. कोठाराचं आता सामानाचं गोदाम झालं होतं, पण भिंत पांढरीच ठेवली होती. उजेडाचा पट्टा डावीकडून आला, सरकत उजवीकडे गेला. अंधार. पुन्हा आला. मास्तरांनी मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. साधारण चाळीसपर्यंतचं त्यांना आठवत होतं.

जाग आली ती तोंडावर ऊन आल्यामुळे.

खोली लख्ख उजळली होती. बाहेर कुणीतरी बादली आपटत होतं. मास्तर काही क्षण तसेच पडून राहिले, अंग कसं हलकं झालं होतं, दोन वर्षांत झालं नव्हतं इतकं. आणि मग त्यांना दोनची चावी आठवली.

"किती वाजले?"

लेक खुर्चीवर चहा घेऊन बसली होती. "पावणेआठ."

"आणि दोन?"

"तेही वाजले, बाबा. तुमच्यासाठी थांबले नाहीत."

ते उठून बसले. "बटण दाबलं त्या बाईने."

"नाही दाबलं. चावी दिली मी."

"तू?"

"मी. वर गेले, सगळे वाटच बघत होते. म्हटलं, बाबांनी मला पाठवलंय, बत्तीवाल्याच्या पोरीला अजून जमतं का ते बघायला. फार खूश झाले सगळे, टाळ्या वाजवल्या. साठाव्या वेढ्याला माझा खांदा गळून आला होता, पण नव्वद पुरे केले. एकही कमी नाही." तिने चहा त्यांच्या हातात दिला. "कुणाला काही कळलेलं नाही. तुम्ही निश्चिंत राहा."

मास्तरांनी कप तसाच धरला. अब्रू वाचली होती, तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. "मला उठवायचं नाहीस?"

"तुम्हीच बजावलं होतंत. आणि उठवणारही होते मी, खरं सांगते. पावणेदोनला उठून तुमच्याजवळ आले. तुम्ही घोरत होतात. दोन वर्षांनी असे झोपलात. नर्स आहे मी, असं झोपलेलं माणूस हलवायला माझा हात धजत नाही."

"पण मला जाग का आली नाही?" ते म्हणाले. आता ते तिच्याशी बोलत नव्हते. "तीच खोली. तोच पलंग. पडदा काढला. भिंत समोर. सगळं जसंच्या तसं होतं. मग राहिलं काय?"

लेक खुर्चीवरून उठली. तिने उगाचच चादर उचलली आणि घडी घालायला लागली.

मास्तरांचा हात नकळत डाव्या बरगडीकडे गेला. तिथेच राहिला.

"कोपर," ते म्हणाले.

लेकीचे हात थांबले.

"तुला ठाऊक होतं?"

"मी इथेच झोपायचे ना, बाबा." ती पलंगाच्या कडेवर बसली. "कधी मध्येच जाग आली की बघायचे, आई भिंतीला टेकून बसलेली. उजेड आला की तिचं तोंड दिसायचं, गेला की नाही. मी एकदा विचारलं, तू झोपत का नाहीस? म्हणाली, उजेड राखतेय, तू झोप. उशीखाली तिचं छोटं घड्याळ असायचं. दोनला पाच कमी झाले की आडवी व्हायची, तुमच्याकडे पाठ करायची आणि कोपर द्यायची. तुम्ही 'काय हे' करून उठायचात आणि ती घोरायचं सोंग करायची. इतकं बेमालूम घोरायची की मला हसू फुटायचं, मग मला उशी तोंडात धरावी लागायची."

"रोज?"

"मला आठवतं तेव्हापासून रोज. तुम्ही वर गेलात की मग झोपायची."

म्हणजे चार तास. मास्तरांनी मनातल्या मनात हिशेब केला. पहाटे सहाला तर ते खाली यायचे आणि चहा तयार असायचा. चार तास, एवढी वर्षं. आणि त्या पहिल्या रात्री, दोन वाजून दहा मिनिटांनी, आपल्याला झोपेत जे जाणवलं ते काय होतं, तेही आता त्यांना कळलं. पट्टा थांबलेला तिने पाहिला होता. उजेड डोळ्यावर येतो म्हणून झोप न लागलेल्या, सहा महिन्यांच्या नव्या नवरीने.

"मला सांगितलं का नाही तिने?"

"मी विचारलं होतं. म्हणाली, सांगशील तर याद राख. एवढ्या पायऱ्या चढतो माणूस, रात्रीबेरात्री, वारा असो वादळ असो. एवढं एक तरी त्याचं स्वतःचं असू दे."

मास्तर रडले. आवाज न करता, कप हातात धरून. चहा बशीत सांडत होता आणि लेकीने तो कप काढून घेतला नाही. बायकोच्या शेजारी बसून आपण लोकांना काय काय सांगितलं, ते त्यांना एकेक आठवत होतं. कुंभकर्ण म्हटलं. निळ्या पडद्यांची टिंगल केली. मी जागलो आणि शिणवटा हिला आला, असं चारचौघांत म्हटलं, आणि ती आहेच मी झोपाळू म्हणत चहा ओतत राहिली. एकदा तरी उलटून बोलायची होती. एरवी एवढी फटकळ, आणि नेमकं इथेच तोंड मिटून बसली.

नाश्त्याला ते खाली आले तेव्हा पाहुण्यांनी जागा करून दिली. मॅनेजरबाई कॅमेरा घेऊन तयारच होत्या. "काका, पाटीशेजारी उभे राहा. आणि ताईला पाठवायची तुमची कल्पना फारच छान होती. आम्हाला वाटलंसुद्धा नव्हतं."

लेकीने बाबांकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे, घ्या काढून फोटो.

मास्तर पाटीशेजारी गेले, पण उभे राहिले नाहीत. वळले. "माझी कल्पना नव्हती ती," ते म्हणाले. "मी झोपलो होतो. पावणेआठला उठलो. पोरगी मला सांभाळून घेतेय. आणि या पाटीवर लिहिलंय तेही तसलंच. गजर होता. माझी बायको. बरगडीत कोपर मारायची रोज, आणि मी काल तुम्हाला ते विनोद म्हणून सांगितलं."

एका पाहुण्याने हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला.

"मग... पाटी काढू का?" मॅनेजरबाईंनी हळूच विचारलं.

"काढू नका. खाली एक ओळ घाला. मास्तरांना त्यांची बायको उठवायची. तिने कधी सांगितलं नाही, त्यांना कधी कळलं नाही. एवढंच. जास्त गोड करू नका, तिला आवडायचं नाही."

बाईंनी लिहून घेतलं. मास्तरांनी तो कागद मागून वाचला आणि परत दिला.

बस साडेनऊची होती. नऊ वाजून गेले तरी मास्तर खोलीतून बाहेर येईनात म्हणून लेक बघायला आली, तर म्हातारा पुन्हा स्टुलावर. खांद्यावर तो जाड पडदा, तोंडात दोन आकडे.

"बाबा, उतरा आधी. ते लोक लावतील. त्यांचं कामच आहे ते."

"माझं राहिलंय," मास्तर आकडे तोंडात धरूनच म्हणाले. "धर मला."

तिने त्यांना कमरेला धरलं. ते एकेक आकडा अडकवत गेले. दोन-तीनदा आकडा निसटला, एक तर पलंगाखाली गेला आणि तिला वाकून शोधावा लागला. बस चुकणार हे दोघांनाही कळत होतं. अकरावा आकडा लागला तेव्हा त्यांनी रंगाखालच्या त्या दोन उंचवट्यांवरून अंगठा फिरवला आणि खाली उतरले. मग पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतला, मधली फटसुद्धा चिमटीत धरून मिटवली. बाहेर चांगलं ऊन होतं, पण खोलीत एकदम अंधार झाला. पलंग, खुर्ची, काहीच नीट दिसेना.

मास्तर त्या अंधारात थोडा वेळ उभे राहिले. मग पिशवी उचलून पाय न वाजवता बाहेर आले. लेक दार ओढून घेत होती, तर त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"हळू लाव," ते म्हणाले.

तिने दार हळू लावलं.